गर्दीचा अभ्यासक : गुस्ताव्ह ल बाँ

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात समूहवर्तनाचे प्रकरण आले, की पहिल्याच पानावर एक फ्रेंच नाव भेटते : गुस्ताव्ह ल बाँ. त्या नावाखाली बहुधा तीन मुद्दे दिलेले असतात. गर्दीत माणूस अनामिक होतो. गर्दीतील भावना साथीच्या रोगासारखी पसरते. आणि गर्दीतला माणूस संमोहित झाल्याप्रमाणे दुसऱ्याच्या सूचनेच्या आहारी जातो. परीक्षेत पाच गुणांची टीप लिहायला एवढे पुरते. परंतु या तीन मुद्द्यांच्या मागे नव्वद वर्षांचे एक विलक्षण आयुष्य उभे आहे, आणि ते माहीत झाल्यावाचून त्या मुद्द्यांचे खरे मोल कळत नाही, असे मला वाटते.

शिवाय प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. यात्रेत, रेल्वेच्या पुलावर, पुरात किंवा आगीत हजारो माणसे एकाच वेळी संकटात सापडतात, तेव्हा त्यांच्याशी कसे वागायचे हे ठरवणाऱ्यांच्या मनात गर्दीविषयी एक ठाम कल्पना असते. ती कल्पना पुष्कळ अंशी या माणसाने लोकप्रिय केलेली आहे. म्हणून त्याच्या चरित्राचा थोडक्यात परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

ल बाँचा जन्म ७ मे १८४१ रोजी फ्रान्समधील नोजां-ल-रोत्रू या लहानशा गावी झाला. वडील सरकारी नोकर होते. तूर या शहरी शालेय शिक्षण झाल्यावर १८६० मध्ये तो वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला आला. तेथील ओतेल-द्यू या प्राचीन रुग्णालयात त्याने उमेदवारी केली आणि १८६६ मध्ये तो डॉक्टर झाला. पुढे आयुष्यभर त्याने नावामागे डॉक्टर ही पदवी लावली, पण दवाखाना मात्र कधी थाटला नाही. त्याचे मन लेखनात होते. पदवी मिळाली त्याच वर्षी त्याचे एक पुस्तक निघाले. त्याचा विषय होता भासमान मृत्यू, म्हणजे माणूस मेला असे समजून त्याला जिवंतपणी पुरले जाण्याचा धोका. त्या काळी युरोपात या गोष्टीची फार मोठी भीती लोकांच्या मनात होती. तरुण डॉक्टरने पहिल्यांदा हात घातला तो लोकांच्या भीतीलाच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. दोन महिन्यांत फ्रेंच सैन्याचा धुव्वा उडाला, सम्राट शत्रूच्या कैदेत पडला आणि १९ सप्टेंबर १८७० पासून पॅरिसला वेढा पडला. तो २८ जानेवारी १८७१ पर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ टिकला. त्या हिवाळ्यात पॅरिसच्या लोकांनी घोडे, मांजरे, उंदीर खाल्ले. प्राणिसंग्रहालयातले हत्तीसुद्धा मारून त्यांचे मांस विकले गेले. ल बाँ त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता. सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून त्याने जखमींना हलवणाऱ्या पथकाची व्यवस्था पाहिली, आणि त्या कामगिरीबद्दल त्याला सरकारी सन्मानही मिळाला. पराभूत सैन्य कसे वागते, शिस्त कशाने टिकते आणि कशाने मोडते, याचा विचार तो तेव्हापासून करू लागला.

वेढा उठला आणि लगेच दुसरे संकट आले. १८ मार्च १८७१ रोजी पॅरिसमध्ये उठाव झाला आणि पॅरिस कम्यूनची सत्ता स्थापन झाली. ती जेमतेम दहा आठवडे टिकली. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सरकारी फौजा शहरात घुसल्या. रस्त्यारस्त्यांत लढाई झाली, तुइलरीचा राजवाडा जळाला, नगरभवन जळाले, जुनी ग्रंथसंपदा आणि कागदपत्रे भस्मसात झाली. ल बाँने हे सारे पाहिले. ज्या इमारतींना तो फ्रेंच संस्कृतीचे वैभव मानत होता त्या त्याच्या डोळ्यांदेखत जळत होत्या, आणि त्याच्या मते त्या जाळणारा होता जमाव.

या एका अनुभवाने त्याची पुढची साठ वर्षे घडवली, असे त्याच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे, आणि ते मला पटते. परंतु त्या आठवड्याचा हिशेब पुरा मांडला तर आणखी एक गोष्ट दिसते. आगी लागल्या, ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या, हे खरे. पण सर्वांत अधिक माणसे मारली ती शिस्तबद्ध, गणवेशातल्या, वरिष्ठांचे हुकूम पाळणाऱ्या सैन्याने. त्या मृतांचा आकडा इतिहासकार काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत देतात. बेभान जमावाची भीती ल बाँच्या मनात घर करून राहिली. हुकुमाने झालेल्या संहाराविषयी तसा सिद्धांत त्याने कधी रचला नाही.

युद्धानंतरची दहा-बारा वर्षे त्याने निरनिराळ्या उद्योगांत घालवली. खिशात मावेल असे एक उपकरण तयार करून तो माणसांच्या कवट्या मोजू लागला. १८७९ मध्ये कवटीचा आकार आणि बुद्धी यांच्या संबंधावर त्याने लिहिलेल्या प्रबंधाला मानववंशशास्त्राच्या संस्थेचे पारितोषिक मिळाले. त्या प्रबंधात स्त्रियांविषयी जे लिहिले आहे ते आज वाचवत नाही. पुष्कळ स्त्रियांचे मेंदू पुरुषापेक्षा गोरिलाच्या मेंदूला अधिक जवळचे असतात, आणि मुलींना मुलांप्रमाणे शिक्षण देणे धोक्याचे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने हे वाचावे आणि पुढे त्याच लेखकाचे तीन मुद्दे पाठ करावेत, यात थोडी गंमत आहे. मात्र राग बाजूला ठेवून पाहिले तर त्याच्या विचाराचा एक धागा येथेच सापडतो. पुढे गर्दीचे वर्णन करताना ती स्त्रियांसारखी, मुलांसारखी, रानटी माणसांसारखी भावनेच्या आधीन असते, असे तो सांगतो. ज्यांना तो आपल्याहून कमी समजत होता त्या सर्वांना त्याने एकाच पंगतीत बसवले.

याच काळात तो पुष्कळ हिंडला. युरोप आणि उत्तर आफ्रिका पाहून त्याने अरब संस्कृतीवर १८८४ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर फ्रेंच सरकारने त्याला येथील प्राचीन वास्तूंच्या अभ्यासासाठी हिंदुस्थानात पाठवले. छायाचित्रणाचे अवजड सामान घेऊन तो देशभर फिरला, नेपाळातही जाऊन आला. १८८७ मध्ये हिंदुस्थानातील संस्कृतींवरचा त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात आपल्या वेरूळच्या लेण्यांचीही दखल आहे. देवळे आणि लेणी पाहून त्याला खरोखर आनंद झाला होता. मात्र ती उभारणाऱ्या लोकांविषयी लिहिताना त्याची लेखणी पुन्हा वंशांच्या उतरंडीकडेच वळते.

एक छोटी हकिगत येथे सांगितली पाहिजे. ल बाँला घोडेस्वारीचा शौक होता. एकदा घोड्याने त्याला पाडले आणि तो मरता मरता वाचला. आपण का पडलो हे त्याला कळेना, तेव्हा स्वार म्हणून आपले काय चुकले याचा त्याने बारकाईने अभ्यास केला, घोड्याच्या हालचालींची छायाचित्रे घेतली आणि १८९२ मध्ये त्या विषयावर एक पुस्तकच लिहिले. अपघात झाला की आधी लगाम धरणाऱ्याची चूक शोधावी, ही दृष्टी त्याच्याजवळ होती. ती त्याने गर्दीला लावली असती तर मानसशास्त्राचे हे प्रकरण कदाचित वेगळे लिहिले गेले असते.

१८९५ मध्ये त्याचे समूहमनावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि नंतर जगातल्या अनेक भाषांत ते गेले. पुस्तक छोटे आहे, भाषा सोपी आणि ठासून सांगणारी आहे. त्याचे प्रतिपादन असे, की माणसे गर्दीत एकत्र आली म्हणजे त्यांची वेगवेगळी मने विरघळतात आणि एक सामूहिक मन तयार होते. या मनाला तर्क कळत नाही, चित्रे कळतात. ते सहज फसते, अतिरेक करते, एखाद्या जबरदस्त माणसामागे जाते. सुशिक्षित माणूसही गर्दीत शिरताच संस्कृतीच्या शिडीवरून कित्येक पायऱ्या खाली उतरतो.

हे सारे त्याचे स्वतःचे नव्हते. फ्रान्सचा गाब्रिएल तार्द अनुकरणाविषयी आधीच लिहून गेला होता. इटलीचा शिपिओ सिगेले याचे गुन्हेगार जमावावरचे पुस्तक १८९१ मध्ये आले होते, आणि ल बाँने आपले विचार उचलले असा आरोप सिगेलेने उघडपणे केला. क्रांतीच्या काळातील जमावांची वर्णने इतिहासकार तेन याच्या ग्रंथांतून घेतलेली आहेत. ल बाँने हे सर्व एकत्र बांधले, सोपे केले आणि राज्यकर्त्यांच्या हाती दिले. गर्दीचे मन न ओळखणाऱ्या नेत्याला गर्दी गिळून टाकील, असा इशाराही त्याने दिला.

त्याने दिलेले एक उदाहरण संकटाशी थेट संबंधित आहे. बेल-पूल नावाचे फ्रेंच युद्धजहाज वादळात हरवलेल्या दुसऱ्या जहाजाचा शोध घेत होते. भर दिवस होता, हवा स्वच्छ होती. टेहळ्याने दूरवर एक मोडके जहाज दिसत असल्याची खूण केली. सगळ्यांनी तिकडे पाहिले. अधिकाऱ्यांना आणि खलाशांना माणसांनी भरलेला तराफा दिसला, मदतीसाठी हलणारे हात दिसले, आक्रोश ऐकू आला. होडी सोडून जवळ गेल्यावर आढळले, की ती किनाऱ्यावरून वाहत आलेल्या झाडांच्या फांद्यांची रास आहे. गर्दीची नजरही कशी फसते, हे यावरून सिद्ध होते, असे ल बाँ म्हणतो.

उदाहरण चांगले आहे, पण मला त्यात आणखी काही दिसते. हे खलाशी बुडणाऱ्यांना वाचवायला निघाले होते. त्यांना भास झाला तो दुसऱ्यांच्या हाकांचा, आणि त्या भासाला उत्तर म्हणून त्यांनी होडी पाण्यात सोडली. ज्याला ल बाँ सामूहिक वेड म्हणतो त्याच्या पोटात येथे कळवळा होता.

ल बाँवर अन्याय होऊ नये म्हणून त्याची बरोबर ठरलेली बाजूही सांगितली पाहिजे. भावना एका माणसाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते, हे खरे आहे. अफवेला चित्राची जोड मिळाली, की ती पुराव्याची वाट पाहत नाही, हेही खरे आहे. दंगली झालेल्या कोणत्याही गावातल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. शिवाय गर्दी केवळ गुन्हा करते असे त्याने म्हटलेले नाही. गर्दी वीरासारखा त्यागही करू शकते, हे त्याने मान्य केले आहे. मात्र तो त्यागही त्याच्या लेखी आंधळाच होता. गर्दीतला माणूस विचारपूर्वक चांगला वागेल, ही शक्यता त्याने धरलीच नाही.

पुस्तक येऊन दोन वर्षे होतात न होतात, तोच त्याच्या राहत्या शहरात एक भयंकर दुर्घटना घडली. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये उमराव घराण्यांतल्या स्त्रियांनी गरिबांच्या मदतीसाठी भरवलेल्या बाजाराला आग लागली. लाकडी मांडव होता, आत रंगवलेल्या कापडांची आणि लगद्याची जुनी पॅरिस नगरी उभारलेली होती. नव्याने निघालेल्या चलच्चित्रांचा खेळ चालू होता. त्या यंत्राच्या ईथरवर चालणाऱ्या दिव्यातून भडका उडाला आणि काही मिनिटांत सारा मांडव पेटला. सव्वाशेच्या आसपास माणसे मेली आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या.

काही प्रतिष्ठित पुरुषांनी हातातल्या छड्यांनी बायकांना बाजूला सारून वाट काढल्याचे आरोप नंतर वृत्तपत्रांनी केले. ते सगळे खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण त्याच आगीत ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, आलाँसाँची डचेस, आपल्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींना आधी जाऊ द्या असे सांगत मागे राहिली आणि जळून मेली. मांडवामागच्या हॉटेलच्या स्वयंपाकघराला लोखंडी गजांची खिडकी होती. तेथल्या आचाऱ्याने आणि नोकरांनी ते गज तोडले आणि शंभरावर माणसे एकेक करून आत ओढून घेतली. आत अडकलेल्यांनी एकमेकींना त्या खिडकीपर्यंत उचलून दिले नसते, तर एवढी माणसे त्या चिंचोळ्या वाटेने बाहेर आलीच नसती. गर्दीत उतरल्यावर माणूस संस्कृतीच्या पायऱ्या उतरतो, या नियमात ती डचेस बसत नाही आणि तो आचारीही बसत नाही.

ल बाँची कीर्ती मात्र वाढतच गेली. विद्यापीठाने त्याला अध्यापकाचे पद कधी दिले नाही, विद्वानांच्या अकादमीने दार उघडले नाही, याचा सल त्याला होता. त्याने आपली स्वतंत्र सभा भरवली. दर बुधवारी त्याच्याकडे भोजनाला पॅरिसमधील नामवंत जमत. गणितज्ञ प्वँकारे, तत्त्वज्ञ बर्गसाँ, कवी व्हालेरी यांची नावे त्यांत आढळतात. १९०२ पासून त्याने शास्त्रीय तत्त्वज्ञानाची एक ग्रंथमाला संपादित केली. प्वँकारेचा विज्ञान आणि गृहीतके यांवरचा सुप्रसिद्ध ग्रंथ त्याच मालेत निघाला. याखेरीज तो स्वतःच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राचे प्रयोगही करी. क्ष-किरणांचा शोध लागताच १८९६ मध्ये त्याने आपण काळा प्रकाश शोधल्याचे जाहीर केले. तो दावा टिकला नाही. पदार्थ म्हणजे साठवलेली शक्ती हा विचार आपणच प्रथम मांडला, असेही तो पुढे म्हणत राहिला.

त्याच्या वाचकांची यादी पाहिली म्हणजे त्याच्या पुस्तकाचा उपयोग कोणाला झाला ते कळते. फ्रेंच सेनाधिकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याचा चाहता होता. फ्रॉइडने १९२१ मध्ये समूहमानसशास्त्रावर पुस्तक लिहिले, त्याची सुरुवातच ल बाँच्या विवेचनाने केली. आणि इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने आपण ल बाँचे वाचक असल्याचे अभिमानाने सांगितले. गर्दीला बुद्धी नसते असे एकदा मानले, की तिला समजावून सांगण्याचे कारण उरत नाही; तिला भुलवायचे किंवा धाकात ठेवायचे, एवढेच शिल्लक राहते. १९२९ मध्ये फ्रेंच सरकारने ल बाँला आणखी वरच्या श्रेणीचा सन्मान दिला. १३ डिसेंबर १९३१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, पॅरिसजवळच्या मार्न-ला-कोकेत येथे त्याचा मृत्यू झाला. त्याने लग्न केले नव्हते.

माणूस गेला तरी कल्पना उरली, आणि तिची परीक्षा पुढच्या महायुद्धात झाली. लंडनवर बॉम्ब पडू लागले म्हणजे लाखो लोक भीतीने वेडे होतील, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा आधीपासून अंदाज होता. लोक एकदा खाली उतरले की वर यायचेच नाहीत, या धास्तीने भुयारी रेल्वेची स्थानके आसऱ्यासाठी उघडायलाही सरकार सुरुवातीस तयार नव्हते. १९४० मध्ये लोकांनी सरळ तिकिटे काढली आणि खाली जाऊन मुक्काम ठोकला. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. वेड्यांची लाट काही आली नाही. लोक रात्री खाली झोपत, सकाळी उठून कामावर जात, आणि जागेचे नियम आपसांत ठरवून पाळत.

३ मार्च १९४३ च्या रात्री मात्र लंडनच्या बेथनल ग्रीन स्थानकावर भीषण घटना घडली. भोंगा वाजल्यावर लोक नेहमीप्रमाणे खाली उतरत होते. जवळच्या बागेतून नव्या विमानविरोधी अस्त्रांचा अनोळखी आवाज झाला. पावसाने ओल्या झालेल्या, जवळजवळ अंधाऱ्या जिन्यावर तळाशी एक बाई मुलासह पडली. तिच्यावर दुसरी माणसे पडली आणि वरून येणाऱ्यांना खाली काय झाले ते दिसत नव्हते. काही क्षणांत तीनशेच्या आसपास माणसे त्या एकोणीस पायऱ्यांच्या जिन्यात अडकली. १७३ माणसे मेली. त्यांत ६२ मुले होती. तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता. जिन्याला मध्ये कठडा नव्हता, दिवा मिणमिणता होता, आणि प्रवेशद्वार दुरुस्त करण्याची परवानगी स्थानिक नगरपालिकेने १९४१ मध्येच मागूनही वरून नकार आला होता. तरीही गुप्त ठेवलेल्या सरकारी चौकशीने मुख्य कारण दिले ते लोकांचा मनावरचा ताबा सुटल्याचे. ल बाँ मरून अकरा वर्षे झाली होती. पण निकाल जणू त्याच्याच लेखणीने लिहिला होता. पुढे कठडे बसवले गेले, यावरून खरे कारण कोणाला कळले नव्हते असे नाही.

इंग्लंडमध्येच १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात चेंगरून ९७ जणांचा बळी गेला. दोष आधी प्रेक्षकांवर ढकलला गेला. प्रेक्षक निर्दोष होते आणि मृत्यूंना व्यवस्था जबाबदार होती, हा निर्णय ज्यूरीकडून मिळायला २०१६ साल उजाडावे लागले.

गेल्या काही दशकांत संशोधकांनी संकटातून वाचलेल्यांशी प्रत्यक्ष बोलून जे शोधले ते ल बाँच्या पुस्तकात नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. मानसशास्त्रज्ञ जॉन ड्रूरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाचलेल्यांच्या हकिगती गोळा केल्या. धुराने भरलेल्या अंधाऱ्या बोगद्यात अनोळखी माणसांनी एकमेकांच्या जखमा बांधल्या, पाणी वाटून घेतले, मरणाऱ्यांचा हात धरून ठेवला. एकमेकांना तुडवल्याच्या हकिगती फार थोड्या निघाल्या. ड्रूरीचे म्हणणे असे, की समान संकट आले की परक्यांमध्येही आपण सगळे एक ही जाणीव उत्पन्न होते, आणि माणूस त्या जाणिवेने वागतो. म्हणजे गर्दीत माणसाचे मन हरवत नाही; त्याच्या मनातला मी रुंद होतो.

याचा प्रत्यय आपल्याला परदेशातूनच घ्यावा लागतो असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ठप्प झालेल्या त्या महानगरात लोकांनी हाताची साखळी करून अनोळखी माणसांना पाण्यातून काढले, चहा-बिस्किटे वाटली, घरे उघडून दिली. आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच मुंबईत एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ जण गेले. धो धो पावसामुळे पुढचे लोक जिन्यावर थांबले होते आणि गाड्यांतून मागे नवे लोक येतच होते. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली, की गर्दी पाण्यासारखी हेलकावते. मग कोणी कितीही शहाणा असला तरी त्याला आपल्या पायांवर राहता येत नाही. माणसे उभ्या उभ्या गुदमरतात, कारण छाती फुगायला जागा नसते. आपली मराठी येथे इंग्रजीपेक्षा खरी आहे. इंग्रजीत अशा घटनेला स्टॅम्पीड म्हणतात. तो शब्द मुळात उधळलेल्या गुरांचा. आपण चेंगराचेंगरी म्हणतो. त्या शब्दात गुरे नाहीत, चेंगरलेली माणसे आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून मी एका मोठ्या यात्रेत दोरी धरून उभी होते. आम्हांला सूचना अशी होती, की लोकांना काही सांगत बसू नका, फक्त मागे रेटा. लोक मात्र साध्याच गोष्टी विचारत होते : रांग का थांबली, पाणी कुठे मिळेल, लहान मूल असेल तर बाहेर पडायची वाट कोणती. एका आजींना मी पुढे पालखी आडवी आल्याचे सांगितले, तर त्यांनी ते मागच्या बाईला सांगितले, तिने तिच्या मागचीला. थोड्याच वेळात मागचा रेटा आपोआप सैल झाला. खरी बातमीही तितक्याच वेगाने पसरते जितक्या वेगाने अफवा. ज्या गुणाला ल बाँने साथीचा रोग म्हटले, तोच गुण औषधासारखाही वापरता येतो.

ल बाँ बुद्धिमान होता, कष्टाळू होता, आणि गर्दी हा शास्त्राचा विषय आहे हे जगाला पटवण्याचे श्रेय त्याचे कोणी काढून घेऊ नये. पण त्याने गर्दीला सदैव दुरून आणि वरून पाहिले, आणि तिच्या आत उभ्या असलेल्या माणसाला काय दिसते, हे विचारले नाही. आज आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या शिक्षक, अधिकारी, पोलीस, पत्रकार होतील. एखाद्या दुर्घटनेनंतर लोकच वेडे झाले होते असे कोणी सांगू लागला, तर जिना किती रुंद होता, दिवा होता का, दार कोणी बंद केले होते आणि लोकांना काय सांगितले होते, हे आपण आधी विचारावे. समूहवर्तनाच्या प्रकरणाचा तो चौथा मुद्दा आहे, आणि पाच गुणांच्या टिपेत तोही बसतो.